भाजणं, परतणं, शेकणं, कुटणं: शेंगा चटणी करायच्या आधी हे शब्द नीट समजून घ्या

मागच्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला, मावशी चटणी पार बिघडली गं. तिला मी व्हॉट्सॲपवर दोनच ओळी टाइप करून पाठवलेल्या, शेंगा चांगल्या भाजून घे आणि लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून कुटून काढ. सोलापुरात एवढं सांगितलं तरी पुरतं, हितं शेंगा म्हणजे शेंगदाणे हेसुद्धा कुणाला सांगावं लागत नाही. तिनं काय केलं तर कढईत दोन चमचे तेल घातलं, त्यात दाणे लाल होईस्तोवर हलवले, मग सगळं मिक्सरला लावलं, पातं फिरेना म्हणून वरून थोडं पाणी, आणि जे काय झालं ते डब्यात भरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी आंबूस वास. ती म्हणते, तू सांगितलंस तसंच केलं की मी. फोनवर एकेक पायरी विचारत गेले तेव्हा कळलं, शेंगा तिनं परतल्या होत्या आणि वाटल्या होत्या. भाजणं आणि कुटणं दोन्ही राहिलं होतं.

तिला मी बोलले नाही, कारण आजकाल सगळ्याच पोरी रेसिपी व्हिडिओ बघून शिकतात आणि त्यातले निम्मे हिंदीत असतात. हिंदीत भूनना हा एकच शब्द, शेंगदाणे भी भूनो आणि कांदा-टोमॅटोचा मसाला भी भूनो. इंग्रजीत फ्राय म्हणलं की चमचाभर तेलात हलवलेलं पण फ्राय आणि कढईभर तेलात सोडलेलं पण फ्राय. आपल्या मराठीत ह्या प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे आणि आजी-आई तो शब्द बरोब्बर वापरायच्या, म्हणून त्यांना वेळ, आच, तेल काही वेगळं सांगावं लागायचं नाही, सगळं त्या क्रियापदातच असायचं. भाचीसाठी म्हणून हे लिहायला घेतलं, पण बाकीच्यांना पण उपयोगी पडेल.

आधी भाजणं. साधा नियम म्हणजे भाजताना तेल नाही, पाणी नाही, झाकण नाही. शेंगदाणे कढईत भाजतात, फुटाणे भट्टीवर तापलेल्या वाळूत भाजतात, वांगं जाळावर भाजतात. थंडीत आपल्याकडं शेतात आगटी पेटवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची हिरवी कणसं भाजतात, मग गरम गरम हातावर चोळून दाणे काढतात, तो हुरडा. कढई, वाळू, जाळ, निखारा, साधन कुठलंही असो, उष्णता थेट वस्तूला लागते, मधे तेल-पाणी येत नाही.

पण ह्या नियमावर कुणीतरी लगेच विचारेल की मग बेसनाचे लाडू करताना बेसन तुपात भाजतात ते कसं? बरोबर आहे, तिथं आपण परतणं म्हणत नाही, भाजणंच म्हणतो. रवा पण तुपावर भाजतो. ह्याच्यावर मी बराच विचार केला आणि मला वाटतं खरी गोम तेला-तुपात नाहीच. भाजणं म्हणजे वस्तूचा कच्चेपणा आतपर्यंत घालवणं. बेसनाचा कण न् कण आतून भाजला पाहिजे, नाहीतर लाडू टाळूला चिकटतो आणि कच्चट लागतो, तूप तिथं फक्त सोबतीला आहे. वांगं वरून काळं झालं तरी चालतं पण आत मऊ झालंच पाहिजे. शेंगदाण्याचं तसंच, वरचं साल लाल दिसून उपयोग नाही, दाणा फोडून बघितला तर आत बदामी रंग पाहिजे.

आणि म्हणूनच भाजायचं म्हणलं की मंद आच. दाण्यात थोडं पाणी असतंच, आणि जोवर ते आहे तोवर आतलं तापमान १०० डिग्रीच्या फार वर जात नाही. पाणी उडून गेलं की मग तापमान चढतं आणि १४०च्या आसपास तो भाजका रंग आणि खमंग वास तयार व्हायला लागतो. आच मोठी ठेवली तर वरचा भाग पटकन तिथं पोचतो, करपतो, आणि आतला भाग अजून पाणी घालवत बसलेला असतो. त्यामुळं वरून करपलेली, आतून कच्ची शेंग, आणि त्या शेंगेची चटणी कडू पण लागते आणि कच्ची पण.

पाव किलोला जाड बुडाची कढई घ्या, लोखंडी असेल तर उत्तम, १२ ते १५ मिनिटं लागतील, हात थांबवायचा नाही. आधी काहीच होत नाही असं वाटतं, मग तडतड असा बारीक आवाज येतो, सालावर काळपट ठिपके येतात, एक दाणा चोळला की साल सुटतं. तिथं गॅस बंद करायचा आणि दाणे लगेच ताटात पसरायचे, कढईत ठेवले तर गरम बुडावर भाजणं चालूच राहतं आणि तुमचं लक्ष नसताना करपतात. अजून एक, गरम दाणा खाऊन बघितला तर मऊच लागतो, म्हणून बऱ्याच जणी अजून पाच मिनिटं भाजतात आणि सगळं घालवतात. गार झाल्यावरच तो कुरकुरीत होतो, तेव्हा रंगावर आणि वासावर विश्वास ठेवायचा.

ह्याच भाजणं शब्दावरनं भाजणी आली. थालीपीठाची भाजणी म्हणजे धान्यं आणि डाळी आधी भाजून मग दळलेलं पीठ. आणि आपल्याकडचे धपाटे? त्याला ज्वारीचं, बेसनाचं, गव्हाचं कच्चंच पीठ, भाजलेलं नाही, आणि ओल्या फडक्यावर थापायचं. बाहेरगावची माणसं दोन्हीला एकच समजतात, दिसायला सारखंच असतंय पण चव पूर्ण वेगळी, कारण एकात धान्य दोनदा शेगडीवर गेलंय आणि दुसऱ्यात एकदाच. येसर पण भाजणीच्याच घरातला, धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळून ठेवायचे, आयत्या वेळी पाण्यात कालवून आमटीला लावायचा. येसराची आमटी पाच मिनिटांत होते ती ह्याच्यामुळंच, कच्चेपणा घालवायचं काम आधीच करून ठेवलेलं असतं.

आता परतणं. हा शब्द लक्षात ठेवायला लई सोपा आहे, गावाला गेलेला माणूस घरी परततो तसा कढईतला कांदा उलटून परत खाली येतो. परतण्यात उलथणं महत्त्वाचं, थोडं तेल आणि सतत हालचाल. बहुतेक वेळा वस्तू चिरलेली आणि ओली असते, कांदा, टोमॅटो, आलं-लसणाचं वाटण, पालेभाजी. भरतासाठी वांगं भाजतात पण भाजीसाठी वांग्याच्या फोडी परततात, एवढं एक उदाहरण ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

परततानाचं मुख्य काम म्हणजे पाणी उडवणं. रेसिपीत जे लिहितात ना, तेल सुटेपर्यंत परता, ते काय उगाच लिहीत नाहीत. मसाल्यात पाणी आहे तोवर तेल त्याच्यात मिसळलेलं दिसतं, मसाला खदखदतो, कच्चा वास येतो. पाणी संपलं की तेल कडेनं वेगळं दिसायला लागतं, आवाज बदलतो, आणि तिथनं पुढं मसाल्याला रंग यायला लागतो. म्हणून कांदा परतताना मीठ आधी घातलं तर पाणी सुटतं आणि कांदा लवकर मऊ पडतो, पण लालसर व्हायला वेळ लागतो. मऊ पाहिजे असेल तर मीठ आधी, खरपूस लाल पाहिजे असेल तर मीठ नंतर. मटणाच्या रश्श्याला मी नंतरच घालते. आणि कढई भरून कांदा टाकला तर तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजतो, दोन खेपा केलेल्या बऱ्या.

भाचीनं शेंगा परतल्या त्यानं काय झालं मग? तेलात दाण्याचा वरचा भाग पटकन लाल झाला, तिला वाटलं झालं, आणि आत कच्चं राहिलं. वरनं ते तेल पण चटणीत गेलं, त्याची खरंतर काहीच गरज नसते, दाण्यात स्वतःचंच तेल भरपूर असतं, ते पुढं येतंच.

तळणं सगळ्यांना माहीत आहे, वस्तू तेलात बुडाली किंवा तरंगली पाहिजे, पुरी, भजी, कुरडई. फक्त व्हिडिओत फ्राय ऐकलं की भांड्यात तेल किती आहे ते बघा, तळात पसरलंय तर परतणं, वस्तू पोहतीय तर तळणं. आमच्या शेजारच्या कानडी अक्का कोरडं भाजायला हुरियोदु म्हणतात आणि तळायला करियोदु, म्हणजे त्यांच्याकडं पण दोन घरं वेगळी. समोरच्या तेलुगू वहिनी मात्र शेंगा असोत की भजी, वेयिंचडंच म्हणतात, आणि तरी त्यांचं कधी चुकत नाही कारण त्यांच्या आईच्या हाताखाली उभं राहून शिकलेल्या आहेत. शब्दांची गरज आपल्याला पडते ती आई दुसऱ्या गावात असते म्हणून.

शेकणं हा शब्द तर आता मागंच पडत चाललाय आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण भाकरीचा अर्धा जीव त्यात आहे. भाकरी तव्यावर भाजतात आणि जाळावर शेकतात. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून चपातीसारखी लाटायला गेलं की फाटते, ती थापायचीच, आमच्याकडं बडवायची पण म्हणतात. पीठ गरम पाण्यात भिजवून तळहातानं भरपूर मळायचं, थापून झाली की पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या बेतात आलं की उलटायची. खालची बाजू नीट भाजली की मग तवा बाजूला आणि वरची बाजू जाळाकडं करून शेकायची, टम्म फुगते. तव्यावर कच्चेपणा जातो, जाळावर पदर सुटतो. गॅसवर चिमट्यानं धरून पण होतं, चुलीचीच पाहिजे असं काही नाही, पण शेकायची पायरी गाळून नुसती तव्यावर दाबून दाबून भाजलेली भाकरी जड होते.

शेकण्यात वस्तू तव्याला चिकटून नसते, धग बाहेरून लागते आणि ओल हळूहळू निघून जाते. म्हणून तर कंबर पण शेकतात आणि बाळंतिणीला पण शेक देतात, कंबर कुणी भाजत नाही. आणि कडक भाकरी म्हणजे ह्याच शेकण्याची कमाल. पातळ थापायची, नेहमीसारखी भाजायची, आणि मग मंद धगीवर फडक्यानं दाबत, फिरवत, तिच्यातलं उरलंसुरलं पाणी जाईस्तोवर ठेवायची. घाई करून आच वाढवली तर डाग पडतात आणि मधे ओल राहते, ती भाकरी दोन दिवसांत मऊ पडून बुरशी धरते. नीट शेकलेली कडक भाकरी डब्यात आठवडेच्या आठवडे राहते. मालदांडी ज्वारी मिळाली तर बघायलाच नको, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मानांकन आहे ते उगाच नाही.

पाण्यातले शब्द पटकन सांगते. पातळ पदार्थ उकळतो, म्हणजे पाणी, दूध, चहा. सबंध वस्तू पाण्यात किंवा वाफेवर मऊ करायची ती उकडायची, बटाटे, अंडी, रताळी. भात आणि वरण शिजवायचं, कारण तिथं पाणी वस्तूत मुरतं. बॉईल म्हणलं की ह्यातलं काहीपण असू शकतं, म्हणून भांड्यात काय आहे ते बघून शब्द ठरवा. उकडीच्या मोदकात बऱ्याच जणींचा घोळ होतो, तिथं उकड म्हणजे उकळत्या पाण्यात तांदळाची पिठी घालून झाकून वाफ आणलेलं पीठ, त्याची पारी करतात, आणि तयार मोदक नंतर वाफवतात, पाण्यात टाकत नाहीत. कोरडी उष्णता आणि ओली उष्णता हा फरक आपण रोज बोलतो पण. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४०च्या वर गेला की दुपारी अनवाणी गच्चीवर गेलं तर पाय भाजतात, आणि रात्री वारा पडून घामाच्या धारा लागल्या की म्हणतो लई उकडायलंय. भाजणं कोरडं, उकडणं ओलं, एवढं साधं आहे.

आता कुटणं, आणि हितं जरा थांबून वाचा कारण शेंगा चटणी हितंच घडते नाहीतर बिघडते. वाटणं म्हणजे पाट्यावर वरवंट्यानं घासणं, ओलं काम, पाण्याचा हात लावत लावत, त्यातनं वाटण निघतं. दळणं म्हणजे दोन दगडांच्या मधनं जाणं, कोरडं, पीठ निघतं. दळण जाडसर ठेवलं की ते भरडणं, लापशीचा रवा भरडायचा. ठेचणं म्हणजे जरा जरा हाणून मोडणं, आकार थोडा शिल्लक ठेवून, म्हणून ठेच्यात मिरचीचं बी न् साल दिसतं. आणि कुटणं म्हणजे वरनं घाव, कोरडं, उखळात किंवा खलबत्त्यात, एकसारखं आणि बराच वेळ. आता बाजारातली चटणी डंकावर, म्हणजे कुटायच्या मशीनवर, कुटतात पण तत्त्व तेच, वरनं घाव.

घावानं फरक का पडतो ते सांगते. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. वरून घाव पडला की दाणा चेपतो, मोडतो, त्यातलं थोडं थोडं तेल बाहेर येतं, आणि ते तेल तिखट, लसूण आणि जिरं आपल्यात ओढून घेतं. काही भाग बारीक होतो, काही भाग रवाळ राहतो. म्हणून आपली चटणी लालभडक, तेलकट, मुठीत दाबली तर गोळा होणारी आणि तरी दाताखाली दाणा लागणारी असते. मिक्सरचं पातं कापतं, फार वेगानं फिरतं, घर्षणानं भांडं तापतं, गरम दाण्यातनं तेल एकदम सुटतं आणि दोन मिनिटांत लोण्यासारखी पेस्ट होते. नुसतं थोडंसं फिरवून थांबलं तर होतं दाण्याचं कूट, ते उसळीत आणि कोशिंबिरीत घालायला चांगलं, पण ते कोरडं, भुरभुरीत, त्याला चटणी म्हणता येणार नाही. नाव कूट असलं तरी कूट आणि कुटलेली चटणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकात तेल दाण्यातच राहिलेलं असतं, दुसरीत ते बाहेर येऊन मसाल्यात मुरलेलं असतं.

तर प्रमाण असं. पाव किलो भाजलेल्या शेंगा पूर्ण गार करून, साल चोळून पाखडून, १० ते १२ लसणाच्या पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, एक चमचा जिरं, चवीनं मीठ. आधी लसूण, जिरं आणि मीठ कुटायचं, मीठ खडबडीत असलं की लसूण पटकन मोडतो, मग तिखट, आणि मग शेंगा मूठ मूठ टाकत कुटायच्या. सगळ्या एकदम टाकल्या तर खालच्या पीठ होतात आणि वरच्या उड्या मारतात. रंग गडद व्हायला लागला आणि बत्त्याला चटणी चिकटायला लागली म्हणजे तेल सुटलं, अजून दोन-चार मिनिटं आणि बास.

खलबत्ता नसेल तर मिक्सरमध्येच करा, पण भांडं अर्धंच भरायचं, दाणे गार पाहिजेत, आणि बटण सलग चालू ठेवायचं नाही, एक झटका द्यायचा, थांबायचं, चमच्यानं खालवर करायचं, परत एक झटका. मिक्सरनं घाव बसत नाही पण झटक्यानं निदान पेस्ट तरी होत नाही. नंतर ताटात काढून वाटीच्या बुडानं किंवा तळहातानं जोर लावून रगडायचं पाच मिनिटं, तेवढ्यानं तेल वर येतं आणि रंग बदलतो. भाचीला मी हेच सांगितलं, दुसऱ्या वेळी तिचा फोटो आला तर चटणीला तो ओला लाल रंग आलेला.

पाणी मात्र एक थेंब नाही. कोरडी चटणी टिकते ती तिच्यात पाणी नाही म्हणून, लसणाची ओल असते तेवढीच पुष्कळ, लसूण जास्त आवडत असेल तर चटणी थोडी थोडी करून लवकर संपवा. काचेची बरणी आणि चमचा दोन्ही कोरडे.

आणि ताटात वाढल्यावर पण दोन शब्द वेगळे आहेत बरं का. मऊ भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करतात, बोटांनी दाबत, तिचा लगदा होऊ देत. कडक भाकरी चुरतात, दोन्ही हातात धरून कडाकड मोडायची, तुकडे वाडग्यात टाकायचे, वर दही, त्यावर ही चटणी, दह्यानं तुकडे थोडे भिजेपर्यंत मिनिटभर थांबायचं, मधले अजून कुरकुरीत असतानाच खायला घ्यायचं.